‘खेळात लागायचंच’ : बेळगावच्या फुटबॉलपोरांच्या दुखापतींची पार्श्वभूमी

बेळगाव हे छावणीचं गाव. शाळा आणि पलटणीच्या मैदानांवर इथला फुटबॉल वाढला. कॅम्पातलं सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चं. निपाणी-चिकोडीकडच्या पोरांचा ओढा मात्र कोल्हापूरकडे, शाहू स्टेडियमवरच्या पेठांच्या ईर्ष्येकडे. समजूत दोन्हीकडे एकच : खेळात लागायचंच. रडत बसू नकोस, चोळ आणि पळ.

त्याला कारणही होतं. देशाचा संघच बराच काळ अनवाणी खेळला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं १०-१ असा धुव्वा उडवल्यावर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. नडगीच्या संरक्षणाची कथाही अशीच रेंगाळलेली. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सॅम विडोसननं क्रिकेटचे पॅड कापून पायाला बांधले १८७४ मध्ये. शिनगार्ड नियमानं बंधनकारक व्हायला १९९० उजाडलं. खेडेगावच्या सामन्यात वहीचा पुठ्ठा मोज्यात सरकवून उतरणारं पोर अजूनही दिसतं, आणि पंच काही मोजे चाचपत नाही.

खरा घोळ होतो तो मैदानाबाहेर आल्यावर. घरी आंबेहळद आणि रक्त्याबोळ उगाळून गरम लेप लागतो, वर जुन्या धोतराचं फडकं. मुक्या मारावर त्यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते हाड बसवणाऱ्याच्या दारात. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची पट्टी असते, हाडाची लांबी तिथूनच वाढते. बारा-चौदाच्या वयात ही पट्टी लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडं जोडणाऱ्या बंधापेक्षा, कच्ची असते, त्यामुळे मोठ्या माणसाचा पाय जिथं नुसता मुरगळतो, तिथं पोराची ही पट्टीच फाटू शकते. ती ओढून-चोळून ‘बसवली’ तर हाड पुढे वाकडं वाढण्याची भीती. कामट्या आवळून बांधल्या की रक्तपुरवठा तुटून स्नायू मरतात, हे जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलंय. गुडघ्याखालचा दुखरा उंचवटा, ज्याला आपण ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देतो, त्याचं वर्णन ऑसगुड आणि श्लाटर यांनी १९०३ मध्ये केलं. त्यावर पहिला इलाज म्हणजे पळणं-उड्या कमी करणं. स्पर्धेच्या दिवसांत तेच कुणाला नको असतं : एकच चपळ पोरगा शाळेकडून, क्लबकडून आणि गल्लीकडूनही खेळतो.

कर्नाटकाला मोठा धक्का बसला तो ५ डिसेंबर २००४ रोजी. बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिली खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर गोल मारताना गोलकीपरवर आदळला, कोसळला आणि दगावला. मैदानावर तातडीचा उपचार कसा मिळतो, हा प्रश्न त्यानंतर देशभर विचारला गेला.

दुखापत टाळता येते, हा विचार जगातही तसा नवाच. फिफानं ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप २००६ मध्ये तयार केला : पळणं, एका पायावर तोल, बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर तो तपासला गेला, निष्कर्ष २००८ मध्ये आले; गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर. सामान लागतं फक्त चेंडू. तालमीत जोर-बैठकांशिवाय हौद्यात न उतरणारा हा मुलूख फुटबॉलला मात्र दोन ताणे देऊन थेट शिट्टी वाजवतो, याचं मला नवल वाटतं.

डोक्याचं भान सगळ्यात उशिरा आलं. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडिंग, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, बंद करायचं ठरलं २०१५ मध्ये. इंग्लंडनं २०२० मध्ये प्राथमिक वयोगटाच्या सरावातून ते काढलं. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूसाठी जादा बदली खेळाडू देण्याची मुभा २०२४ च्या नियमावलीत आली, पण ती वापरायची की नाही हे स्पर्धेच्या आयोजकांवर. आंतरशालेय सामन्यात बाकावर डॉक्टर क्वचितच असतो. भोवळ आलेल्या पोराला बाहेर घ्यायचं की नाही हे पीटीचे सरच ठरवतात, आणि शाळेला चषकही त्यांनीच आणून द्यायचा असतो.