रेमंड लेमियू : साखरेतल्या एका बंधामागची वाटचाल

कॅनडाचे रसायनशास्त्रज्ञ रेमंड लेमियू (१९२०–२०००) यांची ओळख बहुतेक ठिकाणी ‘प्रयोगशाळेत साखर तयार करणारे’ अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. १९५३ साली त्यांच्या हाती आलेली साखर चिमूटभरच होती. ती नेमकी का तयार झाली, हे शोधण्यात त्यांचं पुढचं आयुष्य गेलं, आणि खरं मोल त्या शोधाचं आहे.

ग्लुकोजच्या रेणूतले अणू कोणत्या दिशेला तोंड करून असतात, ते एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये जर्मनीत ठरवलं. १९०१ मध्ये केनिग्ज आणि क्नोर यांनी ग्लुकोजला दुसरा रेणू जोडायची कृती दिली. ग्लुकोजच्या कड्यावर असा बंध दोन दिशांना जुळू शकतो, त्यांना ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ म्हणतात. पण या कृतीने जुळणारा बंध जवळजवळ नेहमी ‘बीटा’ बाजूला जातो. आपल्या उसाच्या साखरेत ग्लुकोजचा बंध असतो ‘अल्फा’. शिवाय तो जुळतो फ्रुक्टोजच्या पाच अणूंच्या कड्याशी, आणि मोकळ्या फ्रुक्टोजला ते कडं फारसं मानवत नाही. दोन्हीकडच्या बाजू एकाच वेळी साधायच्या, हीच मेख होती. १९२८ मध्ये पिक्टे आणि फोगल यांनी साखर बनवल्याचं जाहीर केलं, पण इतरांना ती काही बनवता आली नाही. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात जिवाणूंच्या विकराने (एन्झाइमने) हे काम केलं. मात्र विकर वापरलं की श्रेय जिवाणूचं. रसायनतज्ज्ञांचा पेपर कोराच राहिला.

लेमियू अल्बर्टातल्या लाक ला बीशचे. मॅकगिल विद्यापीठातून १९४६ मध्ये पीएच.डी. झाल्यावर ते अमेरिकेत ओहायोला वुल्फ्रम यांच्याकडे स्ट्रेप्टोमायसिनच्या रचनेवर काम करायला गेले. हे प्रतिजैविकही शेवटी शर्कराच (ग्लुकोजच्या जातीचे रेणू) बाळगून असतं. तिथून परतल्यावर सास्काटूनच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी जॉर्ज ह्यूबर यांच्यासह ग्लुकोजचं एक ताणलेलं, चटकन उघडणारं रूप घेतलं, फ्रुक्टोजचं अॅसिटेट (अॅसिटिक आम्लाचे गट जोडलेलं रूप) घेतलं आणि दोन्ही बंद नळीत सुमारे १०० अंशांवर चार दिवसांहून जास्त तापवत ठेवलं. शेवटी साखरेचं अॅसिटेट मिळालं ते अवघं पाच-साडेपाच टक्के. जग मात्र थक्क झालं.

ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवरचा ऑक्सिजन किंवा हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीनसारखा अणू) गर्दीच्या, म्हणजे अल्फा बाजूला का बसतो? खरं तर त्याने मोकळी बाजू धरायला हवी. या उलट्या कलाला ‘अॅनोमेरिक परिणाम’ हे नाव मिळालं आणि त्याची मांडणी पक्की करण्यात लेमियूंचा मोठा वाटा आहे. १९५८ मध्ये ओटावात त्यांनी एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपणाऱ्या तंत्राने) शर्करांची अॅसिटेट्स तपासली. शेजारशेजारच्या दोन हायड्रोजनांमधला कोन बदलला की त्यांच्या संकेतातल्या रेषांमधलं अंतर बदलतं, हे त्यांच्या गटाने दाखवलं. हाच संबंध सूत्रात बांधणारं कारप्लस यांचं प्रसिद्ध समीकरण आलं त्यानंतर, १९५९ मध्ये. आज शर्करा-रसायनाचा कोणताही विद्यार्थी हे अंतर मोजूनच अल्फा की बीटा ते सांगतो.

१९६१ पासून ते एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात होते. १९७५ मध्ये त्यांच्या गटाने अल्फा बंधाची भरवशाची कृती दिली. शर्करेचं ब्रोमाइड घ्यायचं आणि त्यात आणखी ब्रोमाइड आयन सोडायचे. मग रेणू अल्फा-बीटा असा बाजू बदलत राहतो. त्यातलं अस्थिर बीटा रूप आधी अभिक्रिया करतं, आणि करताना बाजू उलटत असल्यामुळे हाती अल्फा बंध येतो. जे रूप थोडं, तेच कामाला येतं. ही युक्ती मला साखरेपेक्षा सुंदर वाटते.

याच कृतीने रक्तगटांच्या शर्करा बनवणं शक्य झालं. ए आणि बी गटांत फरक असतो तो टोकाच्या एका शर्करेचा. दोन्हींच्या मुळाशी ‘एच’ प्रतिजन (प्रतिपिंडं जिला ओळखतात ती खूण) असतो, आणि त्यात फ्युकोज ही शर्करा अल्फा बंधानेच जोडलेली असते. ज्यांच्यात हे फ्युकोजच बसत नाही, त्यांचा रक्तगट डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून नोंदवला; तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. लेमियूंच्या गटाने असे प्रतिजन घडवून घन कणांवर चिकटवले, म्हणजे रक्तातली नेमकी प्रतिपिंडं त्यांवर अडकवून बाजूला काढता येतात.

उतारवयात त्यांचा रस पाण्याकडे वळला. शर्करा आणि प्रथिन एकमेकांना धरतात तेव्हा त्यांच्या पृष्ठभागांवरचे पाण्याचे रेणू सुटे होतात, आणि पकडीचा जोर बराचसा तिथून येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९९ मध्ये त्यांना वुल्फ पारितोषिक मिळालं आणि पुढच्याच वर्षी एडमंटनमध्ये त्यांचं निधन झालं.