४८६ कुठवर वाढला?

माझा पहिला संगणक ४८६ डीएक्स२, म्हणजे इंटेलच्या ४८६ प्रोसेसरचा. ६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम. पुढे त्याचा एकेक भाग बदलत गेला. हे जमलं त्याची मुळं ऑगस्ट १९८१मध्ये आहेत. आयबीएमने आपला पहिला पीसी वर्षभरात उभा करायचा म्हणून बाजारात मिळणारेच भाग घेतले. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, मायक्रोसॉफ्टची डॉस आणि वाढीव कार्डांसाठी पाच स्लॉट. सर्किटच्या आकृत्याच काय, बायोसचा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, कोडसुद्धा तांत्रिक पुस्तिकेत छापला. बायोसवर कॉपीराइट होता, पण कॉम्पॅकने मूळ कोड न पाहिलेल्या लोकांकडून तसाच वागणारा बायोस नव्याने लिहून घेतला आणि १९८३मध्ये आपला संगणक विकायला काढला. तिथून पीसी एका कंपनीचा राहिला नाही. आयबीएमच्या १९८४च्या पीसीत, म्हणजे एटीमध्ये, स्लॉट १६ बिटांचा झाला, तरी ८ बिटांची बहुतेक जुनी कार्डं त्यात चालायची. पीसी टिकला तो जुनी कार्डं चालू ठेवण्याच्या या निर्णयामुळे, असं मला ठामपणे वाटतं.

सगळ्यांत जास्त फरक पडला रॅमने. विंडोज ९५ला किमान ४ एमबी पुरते असं म्हटलं जायचं, पण तेवढ्यावर रॅममध्ये न मावणारं सगळं हार्ड डिस्कवर जायचं आणि डिस्कचा दिवा विझायचाच नाही. रॅम वाढवायची तर एक पट्टी आणून भागत नसे. ३० पिनांची सिम पट्टी, म्हणजे तेव्हाची रॅमची पट्टी, एका वेळी ८ बिट देते, ४८६ची डेटा बस, म्हणजे प्रोसेसरकडे माहिती नेणारा रस्ता, ३२ बिटांची, म्हणून चार सारख्या पट्ट्या एकदमच बसवाव्या लागत. पट्टी तिरकी खोचायची, मग उभी करायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या की झालं. संगणक चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर रॅमचा आकडा चढत चढत ८ एमबीपर्यंत गेला तेव्हाचा आनंद पुढच्या कुठल्याच नव्या मशीनने दिला नाही.

साउंड कार्ड बसवताना जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, सरकवून आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) ५ ठरवायचा, कारण ७ बहुधा प्रिंटरच्या पोर्टाकडे असे.

हार्ड डिस्कची अडचण मात्र फार मजेशीर. डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी सांगितली जायची. बायोसला जास्तीत जास्त १०२४ सिलिंडर मोजता यायचे, डिस्क जोडण्याच्या आयडीई पद्धतीला १६ हेड. दोघांची मर्यादा स्वतंत्रपणे बरीच मोठी होती, पण एकत्र आल्यावर प्रत्येक बाबतीत लहान आकडाच लागू व्हायचा. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ सेक्टर गुणिले ५१२ बाइट, म्हणजे सुमारे ५२.८ कोटी बाइट. डिस्क त्याहून मोठी असली तरी जुन्या बायोसला पुढचा भाग दिसत नसे. नव्या बायोसमधल्या एलबीएने, म्हणजे सेक्टरांना सरळ ओळीने क्रमांक देण्याच्या पद्धतीने, ही अडचण सोडवली.

४८६नंतरच्या पेंटियम प्रोसेसरपाशी ही वाढ अडली. त्याची डेटा बस ६४ बिटांची, सॉकेट वेगळा, म्हणजे मदरबोर्ड बदलणं आलंच. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हा मदरबोर्डाचा नवा आराखडा आणला. त्याप्रमाणे बोर्डाचे स्क्रू आणि एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, कनेक्टर, दोन्ही बदलले, त्यामुळे जुनं कॅबिनेटही गेलं. कीबोर्डची जाड गोल पिन नव्या बोर्डात जाईना. आयडीईची ४० पिनांची केबल तेवढी तीच राहिली. त्यामुळे जुनी डिस्क नव्या संगणकात जंपर ‘स्लेव्ह’वर, म्हणजे दुसऱ्या डिस्कच्या जागी, सरकवून लावली आणि आधीच्या सगळ्या फाइली तिथेच उघडल्या.