ताप अंगात, घाट समोर

सकाळी डोळे उघडले की उठायच्या आधी नाडी बघायची, ही सवय टप्प्याटप्प्यांच्या सायकल शर्यतीत उतरणाऱ्या बहुतेकांना असते. समजा, २१ वर्षांचा एक पोरगा परक्या देशात पहिल्यांदाच अशी शर्यत खेळतोय. आठ-दहा दिवस, रोज दीडशे किलोमीटरच्या आसपास. पाचव्या दिवसापर्यंत त्याची सकाळची नाडी मिनिटाला ४६च्या आगेमागे होती. सहाव्या दिवशी मनगटावरचं घड्याळ ५८ दाखवतं. घसा खवखवतोय, अंगात बारीक कणकण आहे आणि नाश्त्याचं ताट पाहूनच पोट नको म्हणतंय. शर्यत सुटायला तीन तास. वाटेत दोन घाट.

नाडीचे ते वरचे बारा ठोके आले कुठून? शरीराचं तापमान एक अंश सेल्सिअसने चढलं की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात आणि बसल्या जागचा ऊर्जाखर्च दहा ते तेरा टक्क्यांनी. म्हणजे हा गडी पलंगावर पडल्या पडल्याच गाठीचं खर्च करतोय. ताप आपोआप चढत नाही, तो चढवला जातो. मेंदूतला हायपोथॅलॅमस तापमानाची खूण मुद्दाम वर सरकवतो. मग नेहमीचंच ३७ अंशांचं शरीर त्याला गार वाटायला लागतं. थंडी वाजते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, उष्णता आत कोंडून राहते. विषाणूशी लढायला हे सोयीचं असेलही, पण थोड्याच वेळात ज्याला घाट चढायचाय त्याच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त नाही.

कारण सायकल हाणणारं शरीर म्हणजे एक चालता हीटर असतो. पॅडलवर २५० वॉट उमटवायला शरीराला जवळजवळ हजार वॉट जाळावे लागतात. उरलेले साडेसातशे निव्वळ उष्णता. ती सगळी घामावाटे काढायची म्हटली तर तासाला लिटरभर घाम कातडीवरून उडून जायला हवा. नुसता गळून उपयोग नाही. तापात कातडीकडचा रक्ताचा ओघ आटलेला, म्हणून भर उन्हात जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून शिरशिरत चाललेला स्वार आतून मात्र भाजून निघत असतो.

आता पाय. विषाणू थेट स्नायूंची ताकद खातो, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण साध्या सर्दी-तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत स्नायू बऱ्यापैकी शाबूत असतात. गळून जाण्याचा निरोप वरून येतो. संसर्ग झाला की प्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ ही त्यांतली दोन. त्यांची वर्दी मेंदूपर्यंत पोचते आणि मेंदू माणसाला आडवं पाडायला बघतो. भूक मारतो, झोप आणतो, कशात रस वाटू देत नाही, कालच्याच कामाला आज दुप्पट कष्ट पडताहेत असं भासवतो. आजारी कुत्रं कोपरा धरून पडतं तेही याच हुकमाने. गंमत म्हणजे इंटरल्यूकिन-६ संसर्गाशिवायही बनतं. तासन् तास राबणारे स्नायू ते स्वतःच रक्तात सोडतात, आणि त्यांचा साखरेचा साठा आटत आला की जरा जास्तच.

तरुण सायकलपटूची खरी कोंडी इथे आहे. पाय नको म्हणाले तरी ऐकायचं नाही, हेच तर त्याला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं. थकव्याची कुरकुर आणि आजाराची हाक आतून जवळपास सारखीच ऐकू येते. तिशीतल्या मुरलेल्या गड्याने दोन्ही इतक्या वेळा भोगलेलं असतं की त्याला सहसा फरक कळतो. नवख्याला आकड्यांचा आधार घ्यावा लागतो. पाच-सहा दिवस पिळून निघालेलं, पण निरोगी शरीर असेल तर हृदय बहुधा वर चढायलाच कुरकुर करतं. जोर लावला तरी ठोके नेहमीपेक्षा खालीच राहतात. तापात उलट होतं. हँडलवरच्या पडद्यावर वॉट कालचेच असतात आणि ठोके दहा-पंधराने वर. बाकी काही नाही, तरी एवढं तरी पोराने बघावं.

अर्थात आकडेही फसवतात. १४ मे २०२३ला जिरो दीतालिया या इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीच्या नवव्या टप्प्यात २३ वर्षांच्या बेल्जियन रेम्को एव्हेनपूलने ३५ किलोमीटरची एकट्याने धावायची टाइम ट्रायल जिंकली, जेरेंट थॉमसला अवघ्या एका सेकंदाने मागे टाकून. अव्वल स्थानाची गुलाबी जर्सीही परत मिळवली. त्याच रात्री कळलं की त्याची कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, आणि तो जर्सीसकट शर्यतीबाहेर पडला. संसर्गाच्या सुरुवातीच्या तासांत शरीर जगातल्या भल्याभल्यांना हरवू शकतं. उद्याचं काही सांगता येत नाही.

पोट बिघडलं तर गोष्ट आणखी अवघड, आणि मला विचाराल तर आणखी रंजक. मोठ्या शर्यतीतल्या डोंगराळ दिवशी सायकलपटू पाच-सहा हजार किलोकॅलरी सहज जाळतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर मात्र दोनेक हजार किलोकॅलरींचीच. बाकीचं रस्त्यावर खातपीत भरून काढायचं, हल्ली तासाला ९० ग्रॅम, कधी १२० ग्रॅम शर्करा. लहान आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आत घेणारं एक दार आहे, एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन. ते ग्लुकोजला एकट्याला आत सोडत नाही, सोडियमच्या जोडीनेच सोडतं, आणि त्या जोडीमागोमाग पाणी आत शिरतं. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६०मध्ये मांडली. जुलाबावर दिलं जाणारं मीठ-साखरेचं पाणी याच दाराच्या जोरावर काम करतं. दाराला मर्यादा आहे. तासाला साठेक ग्रॅमपलीकडे ग्लुकोज त्यातून जात नाही. म्हणून शर्यतीच्या पेयांत फ्रुक्टोजही घालतात, कारण त्याचं दार वेगळं.

आता या भिंतीवर जंतूंचा हल्ला झालाय, अस्तर सुजलंय. त्यात जोराच्या कष्टात शरीर आतड्यांच्या वाट्याचं रक्त काढून पायांकडे आणि कातडीकडे वळवतं. अगदी टोकाला हा पुरवठा एरवीच्या पाचव्या हिश्शापर्यंत उतरतो. दारं मंदावतात. बाटलीतली साखर पोटात जाते खरी, पण भिंतीपलीकडे जात नाही. ती आतड्यातच साचते आणि शरीरातलं पाणी आपल्याकडे ओढून घेते. जोर यावा म्हणून घेतलेला घोटच जुलाब वाढवतो. नाही घेतला तर टाकी रिकामी. इकडे आड, तिकडे विहीर. शिवाय पाणी गेलं की रक्ताचा द्रवभाग घटतो, हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं, आणि पुन्हा ठोके वाढतात.

जंतू शिरायला वाटा बऱ्याच. खोलीतला जोडीदार, अनोळखी पाणी, शेकडो हातांचा स्पर्श झालेला जेवणाच्या टेबलावरचा चमचा. माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित वाट म्हणजे पाण्याच्या बाटलीचं तोंड. पावसात पुढच्या चाकावरून उडणारा चिखल सायकलच्या नळीवर अडकवलेल्या बाटलीवर येऊन बसतो, आणि ते तोंड स्वार दातांनी ओढून उघडतो. रस्ता कुरणांतून जात असेल तर त्या चिखलात काय काय असतं ते सांगायला नको. २००८मध्ये वेल्समधल्या बिल्थ वेल्स इथल्या डोंगरी सायकल शर्यतीनंतर जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूची साथ आली, तेव्हा संशयाची सुई मेंढ्यांच्या लेंड्या मिसळलेल्या चिखलाकडेच वळली होती.

अतिश्रमाने प्रतिकारशक्ती खचते का, यावर जाणकारांत वाद आहे. १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात, धावलेल्यांपैकी जवळपास १३ टक्के लोकांनी आजारी पडल्याचं सांगितलं. तशीच तयारी करून न धावलेल्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होतं. कष्टानंतर काही तास रक्तातल्या लिम्फोसाइट या जंतूंशी लढणाऱ्या पेशीही घटलेल्या दिसतात. त्यावरून ‘उघडी खिडकी’ ही कल्पना रूढ झाली, म्हणजे तेवढा वेळ जंतूंना रान मोकळं. २०१८मध्ये जॉन कॅम्पबेल आणि जेम्स टर्नर यांनी तिला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं, या पेशी नाहीशा होत नाहीत, रक्तातून निघून फुप्फुसं-आतड्यांकडे गस्तीला जातात. आजाराचं खापर गर्दी, प्रवास, ताण आणि अपुऱ्या झोपेवर फोडायला हवं. मला त्यांची बाजू जास्त पटते. झोपेचा पुरावा तर अगदी सरळ आहे. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. आपला पोरगा तर दर रात्री नव्या हॉटेलात, नव्या गादीवर, आणि देहाचं घड्याळ अजून घरच्याच वेळेला चिकटलेलं.

तरी तो सुटतो. सपाटीवर आजार लपवता येतो, शंभर-दीडशे जणांच्या घोळक्यात पुढच्याच्या पाठीआड राहिलं की हवा कापायचे कष्ट खूप वाचतात. घाटात वेग उतरतो, हवेचा अडथळा नगण्य होतो आणि लढाई उरते ती वजनाशी. स्वार आणि सायकल मिळून ७३ किलो धरा, सात टक्क्यांचा चढ, ताशी १५ किलोमीटर. या वेगाला साधारण २३५ वॉट लागतात. त्याला आज दोनशेच जमताहेत. वेग उतरतो पावणेतेरावर. १५ किलोमीटरचा घाट तासाभरात व्हायचा, तो ७० मिनिटं घेतो. एका घाटात दहा मिनिटं गेली, दुसरा अजून बाकी. आणि नियम असा की विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांच्या आत पोचला नाहीत तर शर्यतीतून बाद. विजेता चार तासांत आला आणि मर्यादा १२ टक्के असेल, तर हातात २९ मिनिटंही नसतात. मागे पडलेले स्वार म्हणून टोळी करून चालतात; इटालियन भाषेत तिला ग्रुपेत्तो म्हणतात. तिच्यात कोणीतरी एक जण हिशोबात पक्का असतो आणि बाकीचे त्याच्या भरवशावर असतात.

टोळी आधार देते, पण आजारातून सोडवत नाही. २०१७च्या जिरोत नेदरलँड्सचा टॉम ड्यूमुलाँ गुलाबी जर्सीत होता. बोर्मिओच्या टप्प्यात, उम्ब्रेल खिंडीचा चढ सुरू व्हायच्या सुमारास, पोटाने दगा दिला. सायकल गवतात टाकून, कपडे उतरवून तो रस्त्याकडेला बसला आणि जगाने ते टीव्हीवर थेट पाहिलं. दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला, दुसऱ्या क्रमांकावरच्या नाइरो किंतानावरची आघाडी ३१ सेकंदांवर आली. पाच दिवसांनी त्याने शर्यत जिंकली तीही बरोबर ३१ सेकंदांनी. हा किस्सा जिद्दीचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो नशिबाचाही आहे, दुखणं टिकलं असतं तर जिद्दीने साखर भिंतीपलीकडे ढकलता आली नसती.

गोळी घेऊन मोकळं व्हावं म्हटलं तर तेही सोपं नाही. चोंदलेलं नाक उघडणारं स्यूडोएफेड्रिन शर्यतीच्या दिवशी लघवीत मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमहून जास्त सापडलं तर ते उत्तेजक ठरतं. सन २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रोमानियाच्या आंद्रिया रादुकान या सोळा वर्षांच्या जिम्नॅस्टचं सुवर्णपदक याच द्रव्यापायी गेलं, आणि गोळी दिली होती संघाच्याच डॉक्टरने. सलाईनचंही तसंच. रुग्णालयातले उपचार वगळता बारा तासांत शंभर मिलिलिटरहून जास्त शिरेतून देणं निषिद्ध आहे. हॉटेलच्या खोलीत उरतं काय, तर घोट घोट पाणी.

थांबायचं केव्हा, याला खेळाच्या डॉक्टरांचा एक ढोबळ आडाखा आहे. लक्षणं मानेच्या वर असतील, म्हणजे वाहतं नाक, शिंका, किंचित घसा, तर जपून चालवावं. मानेच्या खाली उतरली, छातीतला खोकला, ताप, सांधे-अंगदुखी, जुलाब, तर सायकल भिंतीला टेकवावी. यामागची भीती हृदयाची आहे. १९७०मध्ये हृदयाला सूज आणू शकणाऱ्या कॉक्सॅकी विषाणूची लागण केलेल्या उंदरांना पोहायला लावलं, तेव्हा विश्रांती दिलेल्या उंदरांपेक्षा त्यांच्या हृदयात विषाणू कित्येक पटींनी वाढले आणि मेलेही तेच जास्त. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असताना जोर लावला तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते, हे माणसांतही दिसलंय.

पोरगा त्या दिवशी मर्यादेच्या तीन मिनिटं आत पोचला, असं समजू. सातव्या सकाळी घड्याळ ६३ दाखवतं. संघाचा डॉक्टर खोलीत येतो, पलंगाच्या कडेला बसतो. पोरगा त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकतो, पाय ठीक आहेत.

“पायांचं नाही विचारत मी. खोकून दाखव.”

पोरगा खोकतो, आणि खोकताना त्याचा हात आपसूक छातीवर जातो.