जुनी लष्करी गाडी घेताना रास्त भाव कसा काढावा

जुन्या लष्करी गाडीला ठरलेला बाजारभाव नसतो. एकाच मॉडेलच्या दोन जीप शेजारी उभ्या केल्या तर एकीचा भाव दुसरीच्या चौपट निघू शकतो, आणि दोन्ही भाव बरोबर असू शकतात. म्हणून ग्राहकाला आमचा पहिला प्रश्न असतो : गाडी पुन्हा रस्त्यावर उभी करायची आहे, की खोलून भाग काढायचे आहेत? दोन्हींचा हिशेब वेगळा आहे.

गाडी उभी करायची असेल तर

हिशेब उलटा, म्हणजे शेवटाकडून करायचा. आधी त्याच मॉडेलची, चालू, नीट तयार झालेली गाडी प्रत्यक्षात किती रकमेला विकली गेली ते शोधा. जाहिरातीतला आकडा धरू नका. ती विकणाऱ्याची इच्छा असते. तीच जाहिरात महिनोन् महिने दिसत असेल तर तो भाव गिऱ्हाइकांनी कधीच नाकारला आहे.

समजा तयार गाडीचा खरा भाव १०० आहे. पत्र्याचे काम १४, इंजिनाचे मशीनिंग आणि भाग १३, गिअरबॉक्स-ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी)-अ‍ॅक्सल ९, ब्रेक आणि वायरिंग ६, टायर-रिम ८, हरवलेल्या बारीकसारीक वस्तू ८, रंग ५. बेरीज ६३. त्यावर न दिसलेल्या कामासाठी २० टक्के धरा, म्हणजे साधारण ७६. वाहतूक ४. उरले २०. गाडीसाठी जास्तीत जास्त एवढेच द्यावे. हे आकडे पद्धत समजावी म्हणून दिले आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील. शिवाय यात तुमच्या स्वतःच्या मेहनतीचा एक पैसाही धरलेला नाही. सगळे काम गॅरेजकडून मजुरी देऊन करून घेणार असाल तर बऱ्याच गाड्यांत शेवटी काही उरतच नाही, उलट खिशातून जाते. हौस म्हणून तसे करायला हरकत नाही, पण ते आधी माहीत असावे.

त्या २० टक्क्यांवर बरेच ग्राहक घासाघीस करतात. आमचा अनुभव सांगतो की तो भाग कमी पडतो, उरत नाही.

पूर्ण गाडी आणि चालू गाडी

चालू असण्यापेक्षा पूर्ण असणे महागाचे आहे. इंजिन जाम असलेली पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी, इंजिन सुरू होणाऱ्या पण अर्ध्या वस्तू गायब असलेल्या गाडीपेक्षा आम्ही वरच्या भावाने घेतो. इंजिनाचे काम मोजता येते, त्याचा खर्च आधी सांगता येतो. हरवलेले ब्लॅकआउट दिवे (शत्रूला दिसू नयेत असे झाकलेले, मंद दिवे), मीटर, फावडे-कुऱ्हाडीचे क्लॅम्प, सीटचे सांगाडे, मागचा पिंटल हुक (ट्रेलर ओढायचा आकडा) हे एकेक शोधत बसावे लागते आणि त्यांची बेरीज इंजिनाच्या कामाला गाठते.

'दोन अर्धवट घेतो, त्यातून एक करतो' हा बेतही जपून करा. सगळीकडे आधी काढले जातात ते भाग तेच असतात : मीटर, कार्ब्युरेटर, चांगली चाके, दिवे. त्यामुळे दोन्ही गाड्यांत नेमके तेच नसते.

ओळख पटवणे

दुसऱ्या महायुद्धातील जीपचे उदाहरण घेऊ. १९४१ ते १९४५ या काळात विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू मिळून सहा लाखांवर गाड्या बनल्या. पुढच्या बंपरमागे वाकून बघा. चेसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चेसिस विलीजची. उलट्या यू आकाराचा चौकोनी असेल तर फोर्डची. फोर्डच्या भागांवर आणि बऱ्याच बोल्टच्या डोक्यावर एफ अक्षर उठवलेले असते. फोर्डचा नंबर डाव्या चेसिसपट्टीच्या वरच्या बाजूला पंच केलेला असतो. विलीजचा नंबर बंपरमागे डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. डॅशबोर्डवरच्या पाट्या नव्या बनवून सहज मिळतात, म्हणून केवळ पाटीवर पैसे वाढवू नका.

युद्धानंतरची नागरी सीजे-२ए हिरवी रंगवून युद्धकालीन म्हणून दाखवली जाते. तिच्या पुढच्या जाळीला सात फटी असतात, लष्करी गाडीला नऊ. शिवाय तिला मागे उघडणारी फळी असते. फ्रान्समध्ये परवान्याखाली बनलेली हॉचकिस एम२०१ दिसायला जवळजवळ तीच असते आणि चांगली गाडीही आहे, पण तिचा भाव तिच्याच नावाने ठरवा. एका कंपनीची चेसिस, दुसरीचे इंजिन, नव्याने बनवलेली बॉडी अशी मिसळ सर्रास दिसते. ती चालवायला काही अडचण नाही. भाव मात्र मिसळीचाच द्यावा.

पत्रा

सोबत चुंबक, टोकदार स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च ठेवा. चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरली आहे. जीपच्या तळपत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असतात आणि त्यांत लाकडी पट्ट्या बसवलेल्या असतात. लाकूड ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग चकचकीत असला तरी खालून स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचून पाहा. ड्रायव्हरच्या सीटखालचा टाकीचा खड्डा आणि मागच्या हत्यारपेट्यांचे तळही बघा. चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ आणि गिअरबॉक्सच्या आधाराजवळ चिरा शोधा. चेसिसला वेल्डिंगचा डाग दिलेला दिसला तर तो कोणी आणि कशासाठी दिला ते विचारा.

इंजिन आणि खालचा भाग

'इंजिन नुकतेच बांधलेय' या वाक्याला आम्ही किंमत देत नाही, मापांना देतो. विलीजच्या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३ १/८ इंच. तो आधीच ०.०६० इंच वाढवलेला असेल तर पुढच्या वेळी स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) टाकावी लागेल. क्रँक किती अंडरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा किती बारीक, घासला आहे तेही विचारा. मशीन शॉपचे बिल दाखवत असतील तर भाव वाढवायला हरकत नाही. थंडीत पाणी गोठल्याने ब्लॉकच्या बाजूला पडलेली चीर, आणि व्हॉल्व्हची सीट व सिलिंडर यांच्यामध्ये पडलेली चीर हे दोन दोष सापडले तर ब्लॉक बदलायच्या खर्चानेच हिशेब करा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासताना आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघा.

याच जीपचा टी-८४ गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरमधून सुटतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून बघितले की कळते. ट्रान्सफर केसमधला मधला शाफ्ट झिजला की तेल गळते आणि आवाज येतो. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये चाक वळलेले असतानाही जोर पोचवणारे जॉइंट चार वेगवेगळ्या बनावटीचे बसवले गेले : बेंडिक्स, रझेपा, ट्रॅक्टा, स्पायसर. आत कोणता आहे हे खोलल्याशिवाय नक्की कळत नाही, म्हणून नुसता अ‍ॅक्सल घेताना आधी खोलून दाखवायला सांगा.

मोठ्या गाड्यांत गुणाकार लक्षात घ्या. जीएमसीच्या अडीच टनी सहा-बाय-सहा (तिन्ही अ‍ॅक्सलना जोर असलेल्या) ट्रकला, मागे जोडटायर असल्याने, जमिनीवर १० टायर आणि वर स्टेपनी. नुसत्या टायरांचा खर्च गाडीच्या किमतीला मागे टाकू शकतो. त्याच ट्रकला बँजो (अखंड घराचा) आणि स्प्लिट (मधोमध जोडलेल्या घराचा) अशा दोन प्रकारचे अ‍ॅक्सल येत. एकाचे भाग दुसऱ्याला लागत नाहीत. भाग शोधायला निघण्याआधी अ‍ॅक्सल कोणता ते पाहून ठेवा. ब्रिटिश फेरेटसारख्या चिलखती गाडीत एकाच बाजूची पुढची-मागची चाके एकमेकांना जखडलेली असतात, त्यामुळे कमी-जास्त झिजलेले टायर लावले की सारा ताण गिअरांवर येतो.

टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का आठवडा आणि वर्ष सांगतो. तीन आकडी असेल तर टायर २००० सालाआधीचा. नक्षी कितीही दिसो, अशा टायरची किंमत शून्य. जुळवणीच्या (दोन तुकडे बोल्टने जोडलेल्या) रिमवर तो असेल तर हवा पूर्ण काढल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका.

चोवीस व्होल्टच्या गाड्या, उदाहरणार्थ युद्धानंतरची लष्करी जीप एम३८ए१ किंवा रेडिओसाठी तयार केलेल्या लष्करी लँड रोव्हर, कोणीतरी बारा व्होल्टवर आणलेल्या असतात. गाडी चालते, पण मूळ जनरेटर, पाणीबंद डिस्ट्रिब्युटर आणि पॅनेल परत आणायचे तर ते शोधावे लागतील. ते सोबत पेटीत मिळत असतील तर त्यांना पैसे द्या.

भागांसाठी घ्यायची असेल तर

उपयोगी भागांची यादी करा. प्रत्येकाचा प्रत्यक्ष विकला जाणारा भाव लिहा आणि बेरीज करा. आम्ही त्या बेरजेच्या एक तृतीयांशाच्या वर जात नाही. उरलेले दोन हिस्से खोलण्याची मजुरी, तुटणारे बोल्ट, जागा, आणि कधीच न विकले जाणारे भाग यांत जातात. खालची मर्यादा भंगाराची : एका जीपचे वजन साधारण १.१ टन. त्यातून टायर, लाकूड आणि तेल वजा करा. विकणारा याच्या खाली येणार नाही, आणि त्याने यावे असे म्हणणेही बरोबर नाही.

'दुर्मीळ' या शब्दावर भाव चढवू नका. गाडी दुर्मीळ असली की तिच्या भागांना गिऱ्हाईकही दुर्मीळ असते.

जुन्या साठ्यातला न वापरलेला भाग गाडीवरून काढलेल्यापेक्षा महाग असणे योग्य आहे, पण त्यातले रबर आणि चामड्याचे सील वय झाल्याने गेलेले असतात. ग्रीस सुकून बेअरिंगला चिकटलेले असते. व्हील सिलिंडर पॅक पेटीतसुद्धा आतून गंजलेले निघतात. नव्या सीलचा खर्च भावातून कापा.

युद्धकाळातील बऱ्याच मीटरच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असतो. ते उघडू किंवा खरवडू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस धरूनच चाला, हवेने धूळ उडवू नका.

कागद आणि कापलेल्या गाड्या

चेसिसवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला पाहिजे. नोंदणीचे कागद नसलेली गाडी कितीही सुंदर असली तरी आम्ही ती सुट्या भागांच्या हिशेबातच मोजतो. अमेरिकी सैन्याने एम१५१ (जीपनंतरची हलकी लष्करी गाडी) निकाली काढताना त्या कापून मोडीत दिल्या. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून जोडून उभ्या केलेल्या एम१५१ला पूर्ण गाडीचा भाव देऊ नये.

इसार देण्याआधी काय काय सोबत मिळणार याची यादी दोघांच्या सहीने करा, फोटोसह : पाने, जॅक, हुडाच्या कांबी, सुटा रेडिएटर, सगळे. गाडी पाहिली त्या दिवसापासून ती उचलेपर्यंत मीटर आणि दिवे जागेवर राहतील हेही त्यात लिहा. चाके फिरतात की ब्रेक जाम आहेत ते विचारून ठेवा. जाम गाडीसाठी विंच असलेली वेगळी गाडी लागते, आणि त्या दिवसाचे भाडे कोणाचे हे आधी ठरलेले बरे.