सुरणाचा सुमात्रातला थोरला भाऊ

मे महिन्याच्या अखेरीस बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरामागे मेलेल्या उंदराचा वास सुटला. पोटमाळा झाडून झाला, गटाराचं झाकण उचलून झालं, उंदीर काही सापडेना. शेवटी आईनेच कुंडीकडे बोट दाखवलं. खंडेराव मार्केटातून आणलेल्या सुरणाचा एक डोळा तिने तीन-चार वर्षांपूर्वी तिथे पुरला होता. आता मातीलगत जांभळट-तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी उमललं होतं आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या.

टायटन आरम फुलला की बातमी जगभर होते. तो या सुरणाचाच भाऊबंद. अमॉर्फोफॅलस हे शास्त्रीय आडनाव दोघांचं, आणि आपल्या शेवळांचंही. टायटन आरमचं मूळ गाव पश्चिम सुमात्राचं जंगल. १८७८ साली ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाला तो तिथे दिसला. लागवडीतला पहिला फुलोरा १८८९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात आला. (आपल्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची बाग आखणारा विल्यम गोल्डरिंगही एकेकाळी क्यूतच कामाला होता.)

त्याचं आयुष्य बहुतेक पानातच जातं. कंदातून एका वेळी एकच पान निघतं, पण ते सहा मीटरपर्यंत उंच होतं. पाहणाऱ्याला झाडच वाटावं. वर्ष-दीड वर्ष ते अन्न बनवतं, कंदात साठवतं आणि सुकून जातं. कंद काही महिने निजतो, मग पुन्हा पान. एडिंबरोच्या उद्यानातला एक कंद १५३.९ किलो भरला होता! पहिल्या फुलोऱ्याला बहुधा सात ते दहा वर्षं लागतात. एवढा साठा झाल्याशिवाय तीन मीटरचा फुलोरा उभा कशाच्या जोरावर राहणार?

आपण ज्याला फूल म्हणतो तो खरा नुसता पडदा आणि मधला पोकळ दांडा. खरी फुलं दांड्याच्या बुडाशी लपलेली, शेकड्यांनी. पहिल्या रात्री दांडा माणसाच्या अंगाइतका तापतो आणि त्या उष्णतेने गंधकयुक्त वायू दूरवर पसरतात. कुजक्या मांसातून निघतात तेच हे वायू. मढ्यावर अंडी घालायला निघालेले भुंगे आणि माश्या फसून आत शिरतात. त्या वेळी फक्त मादीफुलं तयार असतात; नरफुलांचे पराग सुटतात दुसऱ्या दिवशी. म्हणजे स्वतःचे पराग स्वतःला सहसा उपयोगी पडत नाहीत, शेजारी दुसरा फुललेला हवा. दोन दिवसांत सगळा डोलारा कोसळतो. जंगल तुटत चाललेल्या सुमात्रात असा शेजारी मिळणं दुर्मीळ झालंय. जमून आलंच, तर लालभडक फळं धरतात आणि ती खाऊन धनेश बिया लांब नेऊन टाकतात.

आमच्या कुंडीला शेजारी नव्हता. फुलोरा तिसऱ्या दिवशी लोळागोळा झाला, फळ धरलं नाही. पाऊस पडल्यावर तिथेच छत्रीसारखं पान आलं. कंद यंदा खणायचा का, यावर आई आणि बाबांचं अजून एकमत नाही.