प्रून : आहारातील उपयोग

युरोपीय आलुबुखाराच्या (प्रूनस डोमेस्टिका) काही वाणांत साखर इतकी भरपूर असते की ती फळे बीसकट वाळवली तरी आंबत नाहीत. या वाळवलेल्या फळांना प्रून म्हणतात. साधारण तीन किलो ताज्या फळांपासून एक किलो प्रून मिळतात. फ्रान्समधील आझाँ परिसर त्यांच्यासाठी जुना प्रसिद्ध आहे. तिथले वाण पेलिए बंधूंनी १८५६ मध्ये कॅलिफोर्नियात नेले आणि पुढे तेथे मोठा व्यवसाय उभा राहिला. बिर्याणीत पडणारे आंबट आलुबुखार हा वेगळा प्रकार; प्रून गोड असतात.

प्रूनची ख्याती मुख्यतः पोट साफ करणारे फळ म्हणून आहे, आणि ती सार्थ आहे. १०० ग्रॅम प्रूनमध्ये सुमारे ७ ग्रॅम तंतू आणि १५ ग्रॅमच्या आसपास सॉर्बिटॉल (साखरेसारखा गोड पदार्थ) असते. सॉर्बिटॉल लहान आतड्यात पुरते शोषले जात नाही. ते मोठ्या आतड्यात पोहोचते, पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ होतो. म्हणूनच तंतू गाळून टाकलेला प्रूनचा रसही रेचक ठरतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात बद्धकोष्ठाच्या ४० रुग्णांवर प्रून आणि इसबगोल यांची तुलना झाली (२०११). तंतूंचे प्रमाण दोन्हीकडे सारखे ठेवले होते, तरी रोज १०० ग्रॅम प्रून खाताना शौचाला अधिक वेळा आणि मोकळे होत असल्याचे दिसले. युरोपीय संघाने २०१३ मध्ये याच मात्रेसाठी, प्रूनमुळे पोट नीट साफ होण्यास मदत होते असा दावा छापायला परवानगी दिली. १०० ग्रॅम म्हणजे दहा-बारा फळे. एवढी रोज खाणे खिशाला आणि पोटाला, दोहोंना जड जाते. चार-पाचांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

हाडांविषयीचा पुरावा आश्वासक आहे, पण तितका पक्का नाही. पेन स्टेट विद्यापीठाने रजोनिवृत्तीनंतरच्या २३५ स्त्रियांवर वर्षभर केलेल्या प्रयोगात (२०२२) रोज ५० ग्रॅम प्रून खाणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता टिकून राहिली, न खाणाऱ्यांची घटली. मणक्यांत असा फरक आढळला नाही, आणि १०० ग्रॅमच्या गटातील बऱ्याच जणींनी प्रयोग अर्ध्यावर सोडला. प्रूनमध्ये कॅल्शियम फारसे नसते, त्यामुळे हाडांच्या औषधाऐवजी प्रून खाणे चुकीचे ठरेल. तारुण्य टिकवणे, कर्करोग रोखणे वगैरे जाहिरातींतले दावे सोडून द्यावेत.

१०० ग्रॅममध्ये सुमारे ३८ ग्रॅम साखर आणि २४० कॅलरी असतात. रक्तशर्करा झपाट्याने चढत नाही, तरी मधुमेहींनी हा हिशेब जेवणात धरावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना यातील पोटॅशियम (सुमारे ७३० मिलिग्रॅम) अपायकारक ठरू शकते. यात के जीवनसत्त्वही बरेच असल्याने वॉरफेरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेणाऱ्यांनी खाण्याचे प्रमाण एकदम वाढवू नये. ज्यांचे आतडे मुळातच संवेदनशील आहे, त्यांना सॉर्बिटॉलमुळे गुबारा आणि मुरडा होतो.