गवत, शेवाळ आणि पाल्कचा उपसागर

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे सागरी गवत आज चर्चेत आहे ते हेच गवत खाणाऱ्या समुद्रगायीमुळे, म्हणजे डुगाँगमुळे. सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात, म्हणजे भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या उथळ समुद्रात, तंजावर आणि पुदुकोट्टई जिल्ह्यांलगत ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर झाले. गवताचे हे कुरण मात्र फार आधीपासून कुरतडले जात होते. १९६० नंतर तळ खरवडत जाळे ओढणाऱ्या यांत्रिक बोटी, म्हणजे ट्रॉलर, वाढले. १९८३ च्या राज्य कायद्याने त्यांना किनाऱ्यापासून ३ सागरी मैल दूर ठेवले, कागदावर तरी.

खरा गुंता २००५ च्या एका निर्णयात आहे आणि तो शब्दापासून सुरू होतो. आपल्याकडच्या बातम्यांतही ‘सागरी गवत’ आणि ‘समुद्री शेवाळ’ सर्रास एकाच अर्थाने छापले जातात. गवताला मुळे असतात, फुले येतात, बी धरते. ते वाळू धरून ठेवते. गोव्यातल्या मांडवीच्या खाडीतही त्याची एक बारीक जात उगवते. शेवाळाला यातले काहीच नाही. रामेश्वरमजवळच्या मंडपमला नव्वदच्या दशकात लागवडीसाठी आले ते कॅप्पाफायकस नावाचे परदेशी शेवाळ. आइस्क्रीम घट्ट करणारा कॅराजीनन त्यातून निघतो. पुढे एका शीतपेय कंपनीने ही शेती व्यापारी पातळीवर नेली. बांबूच्या तराफ्यांवर ४५ दिवसांत पीक तयार. बचत गटांतल्या बायकांच्या हाती रोख पैसा येऊ लागला.

मंडपमच्या दक्षिणेकडच्या मन्नारच्या आखातातल्या प्रवाळांना धोका नको म्हणून डिसेंबर २००५ च्या सरकारी आदेशाने ही लागवड पाल्कच्या उपसागरात उत्तरेकडे आणि तुतिकोरिनच्या दक्षिणेला सीमित केली. प्रवाळ वाचवायला हे वरकरणी शहाणपणाचेच होते. पण पाल्कचा उथळ तळ म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या गवती कुरणांपैकी एक. तराफ्याची सावली गवतावर पडली तर गवत मरते, कारण त्याला सूर्यप्रकाश लागतो. तराफे रिकाम्या वाळूवर बांधा, असे लागवडीचे समर्थक म्हणतात, आणि ते अशक्य नाही. तरीही हा तळ ओसाड आहे असे गृहीत धरले गेले, असेच म्हणावे लागते. शिवाय प्रवाळही सुटले नाहीत: २००८ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ हेच शेवाळ प्रवाळांवर पसरलेले आढळले.

गृहीतकाला कायद्याचा आधारही होता. किनाऱ्यालगतच्या कामांवर बंधने घालणाऱ्या १९९१ च्या किनारपट्टी अधिसूचनेत जपायच्या जागा म्हणून कांदळवने आणि प्रवाळ नावानिशी होते. सागरी गवताचे नाव यायला २०११ उजाडले.

त्यानंतरच्या काळात पुनर्लागवडीनेही जोर धरला. आजूबाजूच्या निरोगी कुरणातून घेतलेले कोंब चौकटीवर सुतळीने बांधून तळाशी रोवतात. कुठे चौकट प्लास्टिक नळीची, कुठे बांबू आणि काथ्याची. ट्रॉलर फिरकतो तिथे मात्र हे कोंब तग धरत नाहीत. आणि २०२३ मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यात शेवाळ उद्यानाची, म्हणजे शेवाळ लागवडीला बळ देणाऱ्या केंद्राची, पायाभरणी झाली, त्याच उपसागराच्या काठच्या जिल्ह्यात.